विहिरीत बुडवलेली शॅम्पेन

नाशिकच्या इंदिरानगरातून आम्ही फ्रान्सकडे निघालो तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते आणि जेवणाच्या आत पोचायचं होतं. पासपोर्ट कोणाजवळच नव्हता. माझा एक कपाटात होता, पण त्याची मुदत कधीच संपलेली. तरीही त्या दिवशी आम्ही आधी बरगंडीत शिरलो, मग शॅम्पेनमध्ये गेलो आणि संध्याकाळच्या चहाला परत घरी आलो. हे सगळं गिरणाऱ्याच्या पुढे तीन-चार किलोमीटरवर घडलं. ज्यांना ही थाप वाटते त्यांनी सुनंदावहिनींना विचारावं. त्या तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या आणि त्या दिवशी त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं.

गाडी त्याच चालवत होत्या. शेजारी त्यांचे यजमान विलास, माझा कॉलेजपासूनचा मित्र. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरच्या पाण्याची तपासणी करण्यात त्याचं आयुष्य गेलं. पाण्यात क्षार किती आहेत हे विलास नुसतं बघून सांगतो अशी त्याची ख्याती आहे. ती मीच पसरवली. मागच्या सीटवर मी एकटा, कारण मी पंपाचे सुटे भाग विकून विकून जरा रुंद झालो आहे.

आता फ्रान्सचं सांगतो. विलासचा मुलगा तिकडे नोकरीला असतो. सुट्टीवर येताना त्याने चार बाटल्या आणल्या, दोन बरगंडीच्या आणि दोन शॅम्पेनच्या. हे तिकडचे दोन प्रांत. बरगंडीची वाईन शांत असते, शॅम्पेनची फसफसते. आपल्याकडे फसफसणाऱ्या कशालाही शॅम्पेन म्हणतात, पण तिकडे हे ऐकलं तर लोक जेवण टाकून उठतात असं मी सर्वांना सांगतो. मी शॅम्पेन प्रांत पाहिलेला आहे. सहलीच्या बसने तिथल्या एका पेट्रोलपंपावर आम्हाला वीस मिनिटं उतरवलं होतं. तिथलं स्वच्छतागृह मी कधीही विसरणार नाही. बाकीचं तळघर, पिंपं, सरदार, सरदाराची मुलगी, हे मी मागाहून हळूहळू घातलं. त्यामुळे आमच्या मित्रांमध्ये वाईन कळणारा माणूस म्हणजे मी, असं ठरून गेलेलं होतं, आणि त्याच पापाचं फळ म्हणून आज आम्ही पोपटकडे निघालो होतो.

पोपट म्हणजे पोपटराव, आमचा तिसरा मित्र. द्राक्षबागायतदार. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे दारूच काय, कांदासुद्धा एकादशीला घरात नाही. या माणसाने सहा वर्षांपूर्वी, मुलीच्या हट्टापायी, दोन एकरांत वाईनच्या द्राक्षाची बाग लावली. मुलगी शुभांगी वाईन करायचं रीतसर शिकलेली, जवळच्याच एका वायनरीत कामाला. मालकांनी तिला हौसेखातर एक छोटी टाकी दिली आणि तिने स्वतःच्या बागेतल्या द्राक्षाची, शॅम्पेनच्याच पद्धतीने, बाटलीत पुन्हा आंबवून, तिची पहिली वाईन केली.

इकडे भजनी मंडळातले लोक पोपटला रोज एकच टोमणा मारायचे, "माळ गळ्यात आणि दारू शेतात." तो वैतागला होता. खायची द्राक्षं लावतो म्हणाला, त्यातलं मला कळतं तरी. उद्या सकाळी जेसीबी सांगून ठेवलं होतं. शुभांगीने रडून-रागावून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की तिची बाटली त्या फ्रान्सच्या बाटल्यांच्या पंगतीला बसवायची. त्यासाठी त्या चारही बाटल्या ती आदल्या दिवशीच विलासकडून घेऊन गेली होती. तिथे टिकली तर बाग राहील, नाहीतर मुळासकट निघेल. पण पोपट तर पिणार नाही. मग निकाल कोण देणार? तर जाणकार म्हणून मी, आणि शास्त्रज्ञ म्हणून विलास.

"विलास, एक आत्ताच ठरवून टाकू," गंगापूर रोडला लागल्यावर मी म्हणालो. "पोरीची बाटली कशीही निघो, पहिला नंबर तिचा."

"कशीही म्हणजे?"

"कशीही म्हणजे रॉकेल निघालं तरी."

"पोपटला खोटं सांगायचं?"

"चाळीस वर्षांत आपण त्याला दुसरं काय सांगितलंय?"

सुनंदावहिनी आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अरुणभावजी, ही कॉपी झाली."

"कॉपी नाही वहिनी, ग्रेस आहे. तुम्ही नव्हता देत दोन-दोन मार्कांची?"

"मी नाही दिली कधी कोणाला," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचे जुने विद्यार्थी मला भेटलेले असल्यामुळे मी वाद घातला नाही.

शुभांगीने फोनवर बजावलं होतं, सकाळी तिखट खायचं नाही, जीभ स्वच्छ ठेवायची. पण रविवारी सकाळी गंगापूर रोडवरून मिसळ न खाता पुढे जाणं हे नाशिककराला कायद्याने शक्य नाही. आम्ही उतरलो. मी तर्रीला फक्त नमस्कार करणार होतो, पण तिने आशीर्वादच दिला. तीन वाट्यांनंतर माझी जीभ इतकी बधिर झाली की मला माझं नावही नीट घेता येईना. विलासने जिभेला दही लावून घेतलं. तो म्हणाला यात शास्त्र आहे. बाहेर आलो तेव्हा त्याच्या मिशीला शास्त्र लागलेलं होतं.

गंगापूर गाव मागे टाकलं की इमारती संपतात, डावीकडे कुठेतरी धरणाचं पाणी चकाकून जातं आणि मग टोमॅटो आणि द्राक्षं, द्राक्षं आणि टोमॅटो. एप्रिल नुकताच लागला होता. द्राक्षांची काढणी होऊन गेलेली, बागा कशा लग्न उरकलेल्या मांडवासारख्या, पानं आहेत पण गडबड नाही. खरड छाटणीची (उन्हाळ्यात जुन्या काड्या बुडाशी कापून वेल पुन्हा फुटायला लावायची छाटणी) तयारी ठिकठिकाणी चाललेली. ऊन असं की रस्त्यावरच्या डांबराने टायर धरून ठेवला आणि वहिनींना दुसरा गिअर टाकून तो सोडवावा लागला.

पोपटच्या मळ्यात शिरलो तर हा विहिरीच्या काठावर उभा, दोराने काहीतरी वर ओढतोय. कांद्याची जाळीची गोणी वर आली, पाणी गाळत. आत पाच बाटल्या.

"या या," पोपट म्हणाला. "पोरगी म्हनली, गार पाहिजे. फ्रिजमधी कुठं जागा हाय? म्हनलं आपल्या विहिरीपुढं फ्रिज काय करतोय. कालपासून सोडल्यात खाली."

विलासने गोणीत हात घातला आणि एक बाटली बाहेर काढली. हिरवीगार, लखलखीत, नागडी. दुसरी काढली, तीही तशीच. पाचही बाटल्यांची लेबलं निघून गेली होती. मी वाकून विहिरीत पाहिलं. खाली पाण्यावर सगळा फ्रान्स तरंगत होता. सोनेरी अक्षरं, एक राजवाडा, एक मुकुट, आणि त्यांच्यात शुभांगीने हाताने लिहिलेला कागद, त्यावरची शाई पूर्ण उतरलेली. एक बेडूक राजवाड्यावर जाऊन बसला होता.

शुभांगी घरातून पळत आली. "अण्णा, लालसुद्धा विहिरीत टाकली?"

"पाहुणं हायेत ते. सगळ्यांला सारखा मान."

ती लाल बाटली गार करायची नसते हे तिने सांगितलं नाही. ती लेबलांकडे बघत राहिली. मी विलासकडे पाहिलं, विलासने माझ्याकडे. आमचा सगळा कट त्या विहिरीत बुडाला होता. बरगंडीच्या दोन बाटल्या सहज ओळखू येत होत्या, एक लाल, एक पांढरी, आणि दोन्ही फसफसणाऱ्या नव्हत्या. पण उरलेल्या तीन बाटल्या अगदी जुळ्या-तिळ्या. जाड काच, तारेने बांधलेली बुचं, मानेला चमकता कागद. त्यातली पोरीची कोणती?

"मानेवरच्या कागदावर काही लिहिलंय का बघू," मी हात पुढे केला.

सुनंदावहिनींनी तो हात वरच्यावर बाजूला केला. "पेपर फुटणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी तिन्ही बाटल्या पदराखाली घेतल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आतून कडी लावली. आतून तीन वेळा बुच उडाल्याचा आवाज आला आणि एकदा भांडी पडल्याचा. बाहेर आल्या तेव्हा बाटल्यांभोवती वर्तमानपत्र गुंडाळलेलं होतं आणि वर मोठ्या अक्षरात एक, दोन, तीन. "हे बैठक क्रमांक. बुचं या डब्यात आहेत, त्यांवरही हेच आकडे टाकलेत, आणि कोण कुठलं ते बुचांवर छापलेलं आहे. जेवण झाल्यावर डबा उघडेल." असं म्हणून त्यांनी पोळीचा डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. शुभांगीला त्यांनी भिंतीकडे तोंड करून नाही, पण पंख्याकडे बघून बसायला लावलं.

आम्ही ओसरीवर बसलो. मधोमध शुभांगीने एक बादली ठेवली होती. चव घ्यायची, तोंडात घोळवायची आणि थुंकायची, अशी तिकडची पद्धत. पोपटच्या मंडळी, मंगलवहिनी, कुरडया घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, "ही बादली कशाला?" शुभांगीने सांगितलं. मंगलवहिनींचा चेहरा उतरला. "आमच्या घरात वाढलेलं अजून कोणी थुंकलं नाय," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून गोठ्याकडे घेऊन गेल्या. त्यामुळे आम्हाला सगळं गिळावं लागलं. यात माझा काही दोष नाही.

पहिली बरगंडीची लाल. रंग इतका हलका की ग्लासातून पलीकडे पोपटच्या भिंतीवरचं पंचांग वाचता येत होतं. चव काहीच नाही. मी म्हणालो, "विहिरीचं पाणी शिरलंय." शुभांगी म्हणाली, "काका, ती गारठलीय, हातात धरा दहा मिनिटं." मी धरली. आणि खरं सांगतो, माझ्या तळहाताच्या उबेने ती हळूहळू जागी झाली. आधी जांभूळ, मग ओल्या पालापाचोळ्याचा वास, मग कोणाच्या तरी जुन्या कपाटातलं चंदन. मोठ्याने बोलत नाही ती, पण बोलणं संपवतही नाही. विलास म्हणाला, "आम्लता चांगली आहे." त्याने बॉयलरच्या पाण्याचंही कधी याहून जास्त कौतुक केलेलं नाही.

पांढरी बरगंडी वेगळीच बाई. लोण्याचा हात फिरवलेली, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलांचा वास, आणि गिळल्यावर तोंडात इतका वेळ राहिली की मधे पोपटने त्याच्या पाण्याच्या पाळीची पूर्ण तक्रार सांगून संपवली. मी तिला मनातल्या मनात मागणी घातली.

मग आली परीक्षा. एक नंबर. बुडबुडे मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक, सरळ, शिस्तीत. भट्टीतून नुकत्या काढलेल्या पावाचा वास, मागे हिरवं सफरचंद. तोंडात गेल्यावर काही फेस म्हणून वाटतच नाही, रेशमासारखं. मी डोळे मिटले. तीन नंबरही त्याच घराण्यातली, जरा कडक, लिंबाची साल आणि खडू. दोन नंबरला बुडबुडे मोठे, घाईचे, शाळा सुटल्यासारखे सगळे एकदम बाहेर. वास पेरूचा. चव आंबट, मोकळी, थोडी दांडगी.

मी शुभांगीकडे पाहिलं. काही इशारा मिळतोय का. ती पंख्याकडे बघत होती. त्या पंख्याला किती पाती आहेत हे तिला आजही पाठ असेल. तिने ओढणीचं टोक बोटाभोवती इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

ते बोट पाहिलं आणि मला कसंसंच झालं. आयुष्यभर मी लोकांना न पाहिलेल्या गोष्टी सांगितल्या आणि कोणाचं काही बिघडलं नाही. इथे मी एक आकडा लिहिणार आणि उद्या दोन एकर वेली उपटल्या जाणार. मी आणखी एकदा प्यालो. मग जे जिभेला वाटलं तेच लिहिलं, कारण दुसरं काही लिहायला माझ्याकडे माहितीच नव्हती. पहिली एक, दुसरी तीन, शेवटची दोन. घडी घातली. वहिनींनी दोघांच्या घड्या डब्यात टाकल्या.

जेवायला बसलो, वर्तमानपत्रातल्या तिन्ही बाटल्या मधोमध. बाजरीची भाकरी, शेवभाजी, मिरचीचा ठेचा, कैरी-कांद्याची चटणी. मंगलवहिनींचा आग्रह असा की नको म्हणायला तोंड उघडलं की त्यातच भाकरी. शेवभाजीचा रस्सा लाल, तेल वर आलेलं. घास, घोट, घास, घोट. गप्पा रंगल्या. मी सरदाराच्या मुलीची गोष्ट सांगितली. पोपट आमच्या समोर बसून ताक पीत होता.

मंगलवहिनींनी ताटं उचलली आणि सुनंदावहिनींनी डबा उघडला. आधी आमच्या घड्या वाचल्या. दोघांचा क्रम सारखाच निघाला, एक, तीन, दोन. मग त्यांनी बुचं हातात घेऊन एकेक वाचलं. "एक नंबर, फ्रान्स. तीन नंबर, फ्रान्स." दोन नंबरच्या बुचावर काही छापलेलं नव्हतं. ते त्यांनी नुसतंच ताटलीत ठेवलं.

विलास चष्मा पुसायला लागला. मी म्हणालो, "मी कागद उलटा धरला होता. दोन पहिली आहे."

"राहू द्या काका," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. "क्रम बरोबर आहे. मलाही तसाच लागला असता. त्या बाटल्या वर्षानुवर्षं, आंबताना तळाशी बसतो त्या गाळावर ठेवलेल्या असतात, माझी जेमतेम सव्वा वर्ष. फेस लवकर बसतो तिचा. मला माहिती होतं."

"मग करायचं काय?" मंगलवहिनी म्हणाल्या.

पोपट उठला. त्याने तिन्ही बाटल्यांवरचं वर्तमानपत्र काढलं आणि त्या ओसरीच्या कठड्यावर, उन्हात ओळीने मांडल्या. हिरव्या काचेतून दिसत होतं. एक नंबर अर्ध्याच्या वर भरलेली. तीन नंबर अर्धी. मधली रिकामी. तळाशी थेंब होता एखादा.

"बागेत व्यापारी येतो ना," पोपट म्हणाला, "तो घडाघडाला थांबून वा वा करतो. मी त्याचं तोंड कधी बघत नाय. मी हात बघतो. न बोलता दुसऱ्यांदा हात ज्या वेलीला जातो, तिथं माझा माल पास." तो आमच्याकडे वळला. "जेवताना तुम्ही दोघं बारा वेळा या बाटलीकडं गेला. मी मोजलंय. त्या शेजारच्या दोघींना कोणी हात लावला नाय."

मला शपथेवर विचारा, मला हे माहीत नव्हतं. विलासनेही आपल्या ग्लासाकडे असं पाहिलं जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. मग हळूच म्हणाला, "रश्श्याबरोबर तीच बरी लागत होती. बाकीच्या दोन भाकरीपुढे गप्प बसत होत्या."

पोपटने फोन काढला. "हां, राम राम. उद्याचं जेसीबी राहू द्या. नाय, कॅन्सलच. छाटणीची टोळी पाहिजे मला, दोन एकर. कुठली बाग म्हणजे? तीच." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, बहुतेक भजनी मंडळातलंच कोणी असावं. पोपट म्हणाला, "माळ माझ्या गळ्यात हाय. वेलीच्या गळ्यात नाय." आणि फोन ठेवला. शुभांगी उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पितळी घासल्याचा आवाज मात्र येत होता, गरजेपेक्षा जास्त.

निघताना पोपट मला म्हणाला, "चल, बाग बघून जा." विलास आणि वहिनी गाडीत बसले होते. आम्ही दोघंच वेलींच्या ओळीत शिरलो. थोडं चालल्यावर तो थांबला.

"अरुण, कशी लागती रे ती?"

मी तोंड उघडलं. आत पेरू, भट्टी, रेशीम, सरदाराची मुलगी, सगळे तयार उभे होते. पण समोरचा माणूस सहा वर्षं या वेलींना पाणी पाजत होता आणि त्यातला एक थेंबही त्याच्या तोंडात कधी जाणार नव्हता.

"काढणीच्या आधी तू रोज सकाळी मणी तोंडात टाकतोस ना," मी म्हणालो, "गोडी भरली का बघायला? भरत आलेली असते, पण आंबटपणा अजून गेलेला नसतो, त्या दोन-चार दिवसांतला मणी. तो लागतो. फक्त थुंकावासा वाटत नाही."

त्याने मान हलवली. मग तो वेलीची पानं बाजूला करून बघू लागला.

परतीच्या वाटेवर ऊन उतरलं होतं. गिरणाऱ्याला टोमॅटोच्या गाड्या मागे-पुढे होत्या, गंगापूर रोडला नेहमीची कोंडी. लोक जग हिंडून येतात आणि सांगतात की अमुक ठिकाणची वाईन प्या, तमुक ठिकाणची नका पिऊ. मी दोन प्रांत एका ओसरीवर बसून पाहिले. बरगंडीच्या त्या पांढरीला मी अजून विसरलेलो नाही, आणि एक नंबरची शॅम्पेन खरोखर पहिल्या नंबरचीच होती, यात पोपटही काही बदलू शकत नाही. पण पुन्हा हात कशाकडे जातो हे आपल्याला आपलं कळत नाही, समोर बसून ताक पिणाऱ्याला कळतं.

विलासने विचारलं, "बागेत काय म्हणत होता?" मी म्हणालो, "चव विचारली." "मग? काय काय ठोकलंस?" मी सांगितलं ते सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. पुढचं मी त्याला सांगितलंच नाही. काढणीत राहून गेलेला एक लहानसा घड पोपटला पानांमागे सापडला होता, मणी सुरकुतलेले. त्याने एक तोडून तोंडात टाकला, बराच वेळ चावत उभा राहिला, आणि मग बियांसकट गिळला.